ई-मेल पत्रिकेच्या नावाखाली आमची ग्राहकांची वहीच विकली

अमळनेरला आम्ही दोघी जावा मिळून बायकांसाठी योगवर्ग, अभ्यंग आणि वाफेचं छोटं केंद्र चालवतो. धाकटी बीएएमएस आहे. हिशेब आणि येणारी-जाणारी माणसं मी सांभाळते. येणाऱ्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या, आणि त्यांची फी भरणारी मुलंमुली सुरतला, पुण्याला, नाशिकला. आईचे गुडघे कसे आहेत, ती वर्गाला जाते की नाही, हे त्यांना दर वेळी फोन करून विचारावं लागतं. म्हणून महिन्यातून एकदा ई-मेल पत्रिका काढायचं ठरवलं.

मजकूर आम्ही स्वतःच ठरवला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तर त्याआधीच्या अंकात आई-लेकींसाठी एकत्र शिबिर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा वयस्कर माणसांनी बाहेर कधी पडावं, पाणी-ताक कसं घ्यावं. श्रावणातले उपास आणि शुगरच्या गोळ्या, कानबाई देवीच्या उत्सवातल्या रोटांनंतर पोटाला आराम, थंडीत तिळाच्या तेलाचं अभ्यंग. वर्षभराचं सगळं वहीत मांडून झालं होतं. फक्त ते पाठवायचं कसं, याचं तंत्र जाणणारा माणूस हवा होता.

तो एका प्रदर्शनात भेटला. डिजिटल मार्केटिंग करतो म्हणाला. आमच्याशी अहिराणीत बोलला, गावाकडची ओळख काढली, जावेला "डॉक्टर ताई" म्हणून मान दिला. वर्षाचे ४८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४० रुपये आगाऊ. "ताई, तुम्ही फक्त सेंटर सांभाळा, बाकी माझ्यावर सोडा," हे त्याचं पालुपद. डोमेन घेणं, म्हणजे इंटरनेटवर केंद्राच्या नावाचा पत्ता नोंदवणं, मेल पाठवायचं खातं उघडणं, डिझाइन, दर महिन्याचा अहवाल, सगळं त्यात धरलेलं. यादी तयार करण्यासाठी त्याने आमच्या नोंदवहीचे फोटो मागितले. फक्त नाव आणि ई-मेल उचलतो, बाकीचं पुसून टाकतो, असं त्याने चॅटवर लिहूनही दिलं.

पहिला अंक चांगला निघाला. दुसऱ्यापासून रंग बदलले. आम्ही लिहिलेला उन्हाळ्याचा लेख बाजूला ठेवून त्याने धाकटीच्या नावाने मजकूर घातला, "१५ दिवसांत शुगर मुळापासून बरी". ती वाचून थरथर कापत होती. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब असे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्य म्हणून नोंदणी तिची, सही तिची, आणि लिहिणारा भलताच. विचारलं तर म्हणे, "असं लिहिल्याशिवाय कोणी उघडत नाही."

त्याच्या अहवालात मात्र प्रत्येक अंक ६२ टक्के लोकांनी उघडलेला असायचा. माझा आणि पुतणीचा पत्ता आम्ही यादीत मुद्दाम घातला होता. श्रावणाचा अंक आम्हा दोघींनाही आला नाही, स्पॅममध्येही नाही. अहवालात तो १०० टक्के पाठवला होता. पुतणी पुण्याला आयटीत आहे, तिने मग नीट समजावून सांगितलं. किती जणांनी मेल उघडला, हा आकडा तसाही फारसा भरवशाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये एक सोय आली आहे. ती चालू असेल तर माणसाने मेल पाहिला नाही तरी त्यातली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि मोजणीत तो उघडलेला दिसतो. मेल वाचून किती जणांनी फोन केला, किती जणांनी शिबिराला नाव दिलं, हे बघायचं. आमच्याकडे त्या महिन्यांत एकही फोन आला नव्हता.

अंक का पोहोचत नव्हता, तेही तिनेच शोधलं. त्याने आमच्या यादीत "५०,००० आरोग्यप्रेमी खान्देशी" नावाची विकतची यादी मिसळली होती. तिच्यात बंद पडलेले पत्ते होते, शाळांचे होते, परराज्यातल्या दुकानांचे होते. ज्यांनी आमचं नावही कधी ऐकलं नव्हतं त्यांनी आमचा मेल स्पॅम ठरवला. एकगठ्ठा मेल पाठवून देणाऱ्या मेलचिंपसारख्या सेवा विकतच्या यादीला परवानगीच देत नाहीत. गुगलने तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तिन्ही पडताळणी हवी, एका क्लिकवर नाव काढून घ्यायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तीनही नकोत. आमच्या मेलमध्ये नाव काढायचं बटणच नव्हतं.

इथपर्यंत असतं तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं.

पण आमच्या बायकांना फोन यायला लागले. वजन घटवायची पावडर, गुडघ्याचा पट्टा, ऑपरेशनसाठी कर्ज. फोन करणाऱ्याला कोणाला काय होतंय ते माहीत असायचं. आमच्या वहीत एका मावशींची नोंद आडनावाने नाहीच, "बेटावदवाल्या मावशी" एवढीच आहे, कारण त्या बेटावदहून रेल्वेने येतात. पुढे लिहिलंय, "उजवा गुडघा, लघवीचा त्रास". एका दुपारी त्यांना फोन आला, "मिसेस बेटावदवाल्या बोलता का? लघवीच्या त्रासावर आमचं औषध आहे." फोन स्पीकरवर होता आणि समोर जावई बसले होते. दुसऱ्या दिवशी मावशी केंद्रात आल्या, चपला न काढता दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मना नंबर तेस्ले कोनी दिन्हा वं?" माझा नंबर त्यांना कोणी दिला गं?

ते नाव जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या वहीत आहे, आणि त्या वहीचे फोटो त्याच्याकडे होते.

जाब विचारला तर आधी टोलवाटोलवी, मग फोन बंद. खातं आमच्या ताब्यात दे म्हटल्यावर २५,००० रुपयांची नवी मागणी आली. तेव्हा पुतणीने नोंद तपासली. आमच्या केंद्राच्या नावाचं डोमेन त्याच्या नावावर, मेल पाठवायचं खातं त्याच्या ई-मेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. डोमेनची नोंद म्हणजे सातबाराच आहे, पैसे कोणीही भरलेले असोत, उताऱ्यावर ज्याचं नाव त्याचं राज्य. बिलावरचा जीएसटी क्रमांक आमच्या हिशेबनिसांनी पोर्टलवर टाकला. सुरुवातीचे २७ हे महाराष्ट्राचे आकडे बरोबर होते, पण क्रमांक नोंदणी रद्द झालेल्या भलत्याच व्यवसायाचा निघाला. हे तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही, पैसे देण्याआधी कोणालाही करता येतं. त्याने कर म्हणून घेतलेले ८,६४० रुपये सरकारकडे गेलेच नाहीत.

राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक ताजी असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, रक्कम खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. ग्राहकांना मात्र आम्ही एकेकीला गाठून काय घडलं ते सांगितलं, घरी जाऊन सांगितलं. काही जणी परत आल्या, काही नाही आल्या. त्यांचा राग मला पूर्ण पटतो. दुखणं सांगताना बाई किती धीर गोळा करते, हे मी रोज बघते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच धरून आहे की माहिती गोळा करणाऱ्याने बाहेरच्या माणसाला काम दिलं तरी जबाबदारी गोळा करणाऱ्याचीच. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तसल्या माणसांना धरायला तो लवकर पूर्ण लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पत्रिका आम्ही बंद केलेली नाही. नवं डोमेन जावेच्या नावावर, ओटीपी माझ्या फोनवर. कागदावर "मला पत्रिका हवी" असं लिहून सही देणाऱ्यांनाच ती जाते, आणि त्या यादीत नाव आणि ई-मेल सोडून काही नाही. आजाराची वही कपाटात असते, तिचा फोटो कोणालाही काढू देत नाही.

तो माणूस आता पारोळा, धरणगाव, चोपडा या बाजूला योगवर्ग आणि ब्युटी पार्लरवाल्यांकडे फिरतो असं कानावर आलंय. सुरुवात तशीच असते, "ताई, आधी ग्राहकांची यादी द्या, फुकट नमुना दाखवतो." यादी देऊ नका. ज्यांनी दिली असेल त्यांनी आजच आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि त्याचे चॅट, बिलं, मेल काहीही पुसू नका. तक्रारीला ते सगळं लागतं.