बक्षीस, वही की सेटिंग? गाडीतली आणि दुकानातली बचत कशाने टिकते

फोंड्यात किंवा म्हापशात दोन पिकअप, एक दुकान, वर चार भाड्याच्या खोल्या आणि पाच-सहा कामगार असा धंदा असेल, तर डिझेल आणि वीज वाचवण्याचे चार मार्ग समोर येतात. कामगारांना एक दिवसाचे प्रशिक्षण, बचतीवर बक्षीस, रोजची नोंदवही आणि यंत्रांच्या सेटिंगमध्येच बदल. पहिल्या महिन्यात चारही मार्ग चालतात. प्रश्न पुढच्या चवथीपर्यंत काय उरते याचा आहे, आणि तिथे ड्रायव्हर व दुकान यांची उत्तरे वेगळी निघतात.

प्रशिक्षण सर्वांत सोपे आणि सर्वांत लवकर विरणारे. पायाची सवय वर्गात बसून मोडत नाही. घाई आली की जुना पाय परत येतो. तरी एका कारणासाठी ते जरूर करावे. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की तेल वाचते, हा समज अनुभवी ड्रायव्हरांतही पक्का आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात उलटे घडते. गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला तेल जळतच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात भरलेली पिकअप न्यूट्रलवर सोडणे म्हणजे ब्रेक तापवून निकामी करणे. एवढी एक गोष्ट समजावून सांगितली तरी तो दिवस वसूल.

बक्षिसात मोठी खोच आहे. ‘जास्त अ‍ॅव्हरेज काढणाऱ्याला महिन्याला हजार रुपये’ असे जाहीर केले, तर ज्याला सपाट मार्ग मिळतो तो जिंकतो आणि साखळीहून घाट चढणारा हरतो. दोन महिन्यांत हरणारा प्रयत्न सोडतो. काही ठिकाणी वहीत किलोमीटर फुगू लागतात, टाकी अर्धवट भरून आकडा चांगला दाखवला जातो. आणि बक्षीस बंद झाले की बचतही बंद, कारण मधल्या काळात सवय लागलेली नसते, फक्त व्यवहार झालेला असतो. बक्षीस द्यायचेच असेल तर प्रत्येक गाडीची तुलना तिच्याच मागच्या आकड्यांशी करा आणि वाचलेल्या तेलाची निम्मी किंमत ड्रायव्हरला द्या. महिन्याला २५०० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १३ वरून १४ किलोमीटरवर आली, तर सुमारे १३.७ लिटर वाचतात. त्यातले सात लिटर ड्रायव्हरचे, हा हिशेब त्याला स्वतःला बोटांवर करता येतो. म्हणूनच त्यावर त्याचा विश्वास बसतो.

पगारी ड्रायव्हरच्या बाबतीत आमचा कौल नोंदवहीला आहे. निम्म्या वाट्याची जोड तिला द्यावी. पाच रकाने पुरतात: तारीख, किलोमीटर, लिटर, मार्ग, टायरची हवा. दर वेळी टाकी फुल, शक्यतो त्याच पंपावर, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तिथेच थांबायचे. वरून आणखी ‘गोल आकडा’ करत बसले की दर खेपेला लिटरभराचा फरक पडतो आणि वही खोटी ठरते. एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन भरण्यांची सरासरी धरा.

हवेचा रकाना अनेक जण गाळतात, तो गाळू नये. दाब सरासरी १ पीएसआय (पंपावरच्या गेजवर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) घटला की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त लागते. सात-आठ पीएसआय कमी असलेले टायर डोळ्यांना दिसत नाहीत, दीड टक्का मात्र खातात. हवा सकाळी, गाडी धावण्याआधी तपासावी. तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय जास्त दिसतो, तो ‘जास्त’ समजून काढला की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो.

फेरीबोटीच्या रांगेत किंवा माल उतरताना इंजिन चालू ठेवणे हा वहीत लगेच उमटणारा दुसरा दोष. लहान पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते. टर्बो डिझेल गाडी घाट चढून आली असेल तर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावी, एवढा अपवाद.

वही किती काळ चालवायची? अमेरिकेत ओपॉवर या कंपनीच्या पत्रांतून लाखो घरांना शेजाऱ्यांच्या तुलनेत आपला वीजवापर कळत असे. २०११ च्या अभ्यासात सरासरी बचत सुमारे २ टक्के आढळली. पुढच्या अभ्यासात, दोन वर्षांनी पत्रे थांबवल्यावरही परिणाम हळूहळूच ओसरला. सुरुवातीच्या काळात मात्र प्रत्येक पत्रानंतर उत्साह यायचा आणि जायचा. तीन महिन्यांत वही गुंडाळणाऱ्याने म्हणूनच ती सुरू न केलेली बरी. दुसरी सूचना कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावच्या २००७ च्या प्रयोगातून मिळते. सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना नुसती सरासरी कळवली, तेव्हा त्यांचा वापर वाढला. सोबत शाबासकीचे एक हसरे चिन्ह काढले, तेव्हा वाढला नाही. चांगल्या ड्रायव्हरच्या पानावर मालकाने दोन शब्द लिहावेत, ते फुकट जात नाहीत.

दुकानात आणि खोल्यांत मात्र क्रम उलटा. इथे बक्षीस जवळपास निरुपयोगी आहे, कारण बिल हंगामावर हलते. जून-जुलैत पाहुणे नसतात म्हणून युनिट उतरतात आणि सगळ्यांना वाटते आपण वाचवले. आधी सेटिंग बदला. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या एसींना २४ अंशांची डिफॉल्ट सेटिंग सक्तीची झाली, त्यामागे हाच विचार आहे: माणसाला रोज आठवण ठेवावी लागू नये. एक अंश वाढवला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते. ७५ वॅटच्या पंख्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, आणि त्यासाठी कोणाला काही शिकवावे लागत नाही.

सेटिंगही फसते. खोलीतली वीज चालू करणाऱ्या चावीकार्डाच्या खाचेत पाहुणा व्हिजिटिंग कार्ड खुपसून बाहेर जातो आणि एसी दिवसभर चालतो; कार्डातल्या चिपशिवाय न चालणारा स्विच घ्या. डीप फ्रीझरच्या दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेले. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत मागच्या किंवा खालच्या कॉइलवर धूळ चिकटून बसते, ती महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने झाडावी. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीपर्यंत जाऊ देऊ नये.

यानंतर मीटर. रात्री नऊला दुकान बंद करताना रीडिंग ४८२१६ आणि सकाळी आठला ४८२२४ असेल, तर अकरा तासांत ८ युनिट, म्हणजे रात्रभर सरासरी ७२५ वॅट चालू होते. एक डीप फ्रीझर आणि एक काचेच्या दाराचा कूलर यांना साधारण त्याच्या निम्मे पुरायला हवे. बाकीचे शोधायला पाटीचा दिवा, कूलरमधली ट्यूब आणि पंप एकेका रात्री बंद ठेवून रीडिंग घ्या. थ्री फेज मीटरच्या स्क्रीनवर आकडे आळीपाळीने येतात. केडब्ल्यूएचऐवजी (म्हणजे युनिटऐवजी) केव्हीएएच हा वेगळा आकडा वाचला की सगळा हिशेब चुकतो, म्हणून योग्य स्क्रीनचा फोटो मीटरशेजारी चिकटवून ठेवा.

गाडी स्वतःची असेल, मोटारसायकल पायलट (भाड्याने मागे माणूस नेणारा) असो की टॅक्सीवाला, तर वाट्याचा प्रश्नच नाही. त्याला हवा आणि वही पुरते. मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतील तिथे वही व निम्मा वाटा, किमान वर्षभर. दुकानाला सेटिंग, रबर आणि मग रात्रीचे रीडिंग. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दुकानात आधी रबर बदला आणि गाडीसाठी हवा मोजायचा चांगला गेज घ्या.