मे महिन्यात कोणता पाहावा: ‘काशे’ की ‘द कॉन्व्हर्सेशन’?

पाळत आणि दाबून ठेवलेला अपराध यांवरचे हे दोन्ही सिनेमे ऐकून माहीत असतीलच. नागपूरच्या उन्हाळ्यात, घरच्या टीव्हीवर, रात्री एकच पाहायचा झाला तर कोणता, एवढंच इथे बघू.

कोपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) हे कानांचं काम आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एका जोडप्याचं बोलणं चोरून टेप होतं. पाळतीचं काम करणारा नायक हॅरी कॉल टेपरेकॉर्डर जोडून ते साफ करतो आणि एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकतो. जोर नेमका कोणत्या शब्दावर आहे, यावर सगळं फिरतं. वॉल्टर मर्चचं ध्वनिसंकलन अजोड आहे, पण घोडं अडतं ते आपल्या कूलरपाशी. सबटायटल लावले की शब्द कळतात, जोर कळत नाही. आवाज वाढवला तर टेपची खरखरही तेवढीच वाढते. कूलरचा पंखा कमी केला तरी पंपाचं पाणी ताट्यांवर गळत राहतं, आणि पंप बंद केला की थोड्याच वेळात गरम झळा. हेडफोन लावता येतो, पण मग सोबत बसलेल्यांनी काय करायचं? हा सिनेमा मी तरी डिसेंबरसाठी ठेवीन.

हानेकेच्या ‘काशे’त (२००५) पार्श्वसंगीतच नाही. संवाद फ्रेंच, म्हणजे तसंही वाचायचंच. सुरुवातीला गल्लीतून दिसणारं नायक जॉर्जचं घर, कॅमेरा जागचा हलत नाही. टीव्ही हँग झाला समजून रिमोट उचलू नका; थोड्या वेळाने चित्रावर रिवाइंडच्या रेघा येतात, म्हणजे ती घरावर पाळत ठेवून पाठवलेली टेप असते. चोरून घेतलेली टेप आणि प्रत्यक्ष प्रसंग सारख्याच स्वच्छ चित्रात असल्यामुळे पुढे प्रत्येक स्थिर फ्रेमबद्दल शंका येते.

अपराधाच्या बाबतीतही माझं माप इकडेच झुकतं. हॅरी निदान कबुलीजबाब द्यायला चर्चमध्ये जातो. जॉर्ज लहानपणी एका अल्जेरियन मुलाशी जे वागला, ते मान्यच करत नाही. त्या मुलाचे आईवडील १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसला मोर्चाला गेले आणि परतलेच नाहीत. त्या रात्री पोलिसांनी अल्जेरियन निदर्शकांना मारून सीन नदीत फेकल्याचा इतिहास खरा आहे.

फक्त एक: मोबाइलवर पाहू नका. शेवटचा शॉट शाळेच्या पायऱ्यांचा, लांबून घेतलेला आहे. डावीकडे खालच्या बाजूला लक्ष ठेवा. त्यावरच श्रेयनामावली सुरू होते आणि ऑटोप्ले चालू असेल तर ॲप नेमकं तेव्हाच चित्र कोपऱ्यात ढकलतं. सेटिंगमध्ये जाऊन तो आधीच बंद करा.