डोक्याच्या गोळ्या: मुंबईत घेताना काय पाहायचं

मनोविकाराच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत.’ दोन, ‘शुगरची गोळी घेता ना, तशीच ही.’ गंमत अशी की दोघं वेगवेगळ्या गोळ्यांबद्दल बोलत असतात. पहिल्याच्या डोक्यात बहुधा क्लोनाझेपाम ही घबराटीची, झोपेची गोळी असते, दुसऱ्याच्या दीर्घकाळ चालणारी लिथियम किंवा ओलान्झापीन. ‘मनोविकारावर औषध’ या सगळ्या प्रकाराला मिळून तारे द्यायचे म्हटलं तर ते निरर्थक होतील, म्हणून इथे एकेक गोळी वेगळी घेतली आहे आणि ती मुंबईत मिळते कशी, तेही पाहिलं आहे.

एसिटॅलोप्रॅम आणि तिच्याबरोबर चिकटून येणारी दुसरी

डिप्रेशन आणि घबराट या दोन्हींसाठी नेहमी लिहून दिली जाणारी गोळी. सुरुवात ५ मिलिग्रॅमने, आठवड्याने १०, लागलीच तर पुढे २०. नाश्ता झाल्यावर घ्यावी. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, पोट ढिलं, डोकं जड आणि काहींना घबराट उलट वाढलेली. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे, नीट अंदाज यायला सहा ते आठ. त्रास आधी आणि गुण नंतर, या मधल्या फटीतच अनेक जण गोळी टाकून देतात आणि ‘मला सूट झाली नाही’ म्हणतात. हे दोन आठवडे आधी समजावून सांगणारा डॉक्टर भेटला तर अर्धं काम झालं. कामेच्छा कमी होणं किंवा संभोगात तृप्तीला उशीर लागणं हाही नेहमीचा परिणाम आहे. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते.

वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने हा इशारा २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. अशा पेशंटला महिन्याभराची चिठ्ठी देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणणं बरोबर नाही, आठवड्याभरात पुन्हा बघायला हवं. साठीच्या पुढे वेगळीच भानगड: रक्तातलं सोडियम उतरतं, विशेषतः प्रेशरची गोळी ‘एच’वाली, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड घातलेली, असेल तर. आजी अचानक गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या, तोल जाऊ लागला, की ‘डिप्रेशन वाढलं’ म्हणून डोस वाढवण्याआधी सोडियम तपासावं.

आता खरी तक्रार. आपल्याकडे एसिटॅलोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ अशी एकत्र गोळी सर्रास मिळते. त्यामागचा विचार अगदीच चुकीचा नाही, कारण सुरुवातीची घबराट क्लोनाझेपाम दाबून टाकतं आणि पहिल्या रात्रीपासून झोप लागते. पण या दोन औषधांचं वेळापत्रकच जुळत नाही. क्लोनाझेपाम दोन ते चार आठवड्यांत कमी करत बंद व्हायला हवं. एसिटॅलोप्रॅम मात्र बरं वाटल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं असतं. एकाच गोळीत दोन्ही कोंबल्यावर एक सोडून दुसरं चालू ठेवणार कसं? मग वर्ष-दीड वर्ष तीच गोळी चालते, एक दिवस माणूस ती थांबवतो, तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हात थरथरतात आणि शिक्का बसतो की ‘डिप्रेशनच्या गोळीचं व्यसन लागलं’. यातला मोठा वाटा क्लोनाझेपामचा असतो. ते जास्त डोसमध्ये चालू असताना एकदम तोडलं तर फिटही येऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर दोन सुट्या गोळ्या मागाव्यात आणि क्लोनाझेपामसमोर बंद करायची तारीख लिहून घ्यावी. या एकत्र गोळीला आमच्याकडून पाचपैकी दीड तारा, सुट्या एसिटॅलोप्रॅमला साडेतीन.

गोळ्यांच्या विरोधकांचं कुठे बरोबर, कुठे नाही

२०२२ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी असतं याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. ‘मेंदूत केमिकल कमी पडलंय’ हे वाक्य त्यामुळे डॉक्टरांनी सोडून द्यायला हवं, अजूनही ते सर्रास चालतं. पण गोळी का चालते याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणून गोळी चालतच नाही, असं होत नाही. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चिप्रियानी यांच्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि २१ औषधं होती. सगळी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली, मात्र फरक सरासरीने माफकच होता. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक सूचना म्हणून सौम्य डिप्रेशनमध्ये गोळीने सुरुवात करू नका म्हणते, पेशंटलाच ती हवी असेल तर गोष्ट वेगळी. नोकरी गेली, घरी भांडणं, झोप उडाली, पण जेवणखाण आणि काम चालू आहे, अशा माणसाला पहिल्याच भेटीत तीन गोळ्या लिहिणाऱ्यावर टीका व्हायलाच हवी. जो पंधरा दिवस उठत नाही, जेवत नाही, त्याला ‘योगा कर’ सांगणाऱ्यावरही तेवढीच.

स्किझोफ्रेनियात, म्हणजे भ्रम आणि भास होणाऱ्या आजारात, चित्र निराळं आहे. २०१२ च्या लॉइश्ट यांच्या आढाव्यात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के आणि प्लासिबोवर गेलेल्यांपैकी ६४ टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले. दुसऱ्या बाजूला २०१३ चा नेदरलँड्समधला वुंडरिंक यांचा अभ्यास आहे. पहिला झटका ओसरलेल्यांमध्ये डोस कमी करत नेलेल्या गटातले ४० टक्के सात वर्षांनी कामधंद्यासकट सावरले होते, नेहमीचा डोस चालू ठेवलेल्यांत १८ टक्के. मग त्याच मॉनक्रीफ यांनी इंग्लंडमध्ये रडार नावाची चाचणी केली. २०२३ मध्ये निकाल आला: दोन वर्षांत हळूहळू डोस कमी करणाऱ्यांचं सामाजिक जगणं सुधारलं नाही आणि गंभीर झटके २५ टक्क्यांना आले, डोस चालू ठेवणाऱ्यांत १३. औषधांच्या कट्टर टीकाकाराने स्वतःविरुद्ध जाणारा निकाल छापला, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

लिथियम: उत्तम, पण मुंबईच्या हवेत जपून

बायपोलरसाठी, म्हणजे उन्माद आणि उदासी आलटून पालटून येणाऱ्या आजारासाठी, आजही पहिल्या दर्जाचं औषध, आणि या यादीत आत्महत्या टाळण्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्याचाच. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते वापरात आणलं. स्वस्तही आहे. मग लोक घाबरतात का? उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. रक्तातली पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवायची, तीव्र उन्मादात १ पर्यंत. १.५ च्या वर धोका सुरू होतो.

रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी. रात्री ९ ला गोळी तर सकाळी ९ ला सॅम्पल, आणि सॅम्पल देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. लॅबचा माणूस घरी सकाळी ७ ला आला किंवा पेशंट गोळी घेऊन गेला, की आकडा फसवा येतो आणि डोस उगाच बदलला जातो. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पातळी, नंतर तीन ते सहा महिन्यांनी, आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम.

शरीरात पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम चढतं. ऑक्टोबरच्या उन्हात विरार लोकलमध्ये घामाघूम होणं, पावसाळ्यातले जुलाब-उलट्या, बीपीसाठी अचानक मीठ तोडणं, हे सगळं त्यात आलं. लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंडाला झटका बसला तर विचारायलाच नको. चिकुनगुनियाने सांधे धरले म्हणून केमिस्टकडून आणलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही पातळी वाढवतं. तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. हातांची बारीक थरथर नेहमीची, पण ती जाडसर झाली, जीभ जड पडली, चाल झोकांड्या खायला लागली, त्यात उलट्या असल्या तर पुढची गोळी थांबवून थेट कॅज्युअल्टी गाठायची, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ही यादी पेशंटबरोबर घरच्यांनाही पाठ हवी.

बाकीच्यांचं थोडक्यात

ओलान्झापीन भ्रम आणि उन्माद झपाट्याने आवरतं, पण भूक अशी लावतं की वजन आणि साखर दोन्ही वर. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी वजन, कंबर, साखर, लिपिड हवेच. त्याच कामाच्या जुन्या हॅलोपेरिडॉलने वजनाचा त्रास कमी, पण अंग ताठरतं. मान एका बाजूला खेचली गेली की नातेवाईक ‘बाहेरची बाधा’ म्हणून भलतीकडे नेतात. तो औषधाचा परिणाम असतो आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा तासाभरात सुटतो. उन्मादावरचं व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला देणं टाळावं, कारण गर्भात व्यंगाचा धोका सुमारे १० टक्के आणि विकासात अडथळ्यांचा ३० ते ४० टक्के. क्लोझापीन स्किझोफ्रेनियात दोन औषधं फसल्यावरच वापरायचं, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि बद्धकोष्ठता हसण्यावारी न्यायची नाही, आतडं बंद पडून माणूस दगावू शकतो.

मुंबईत दोन गोष्टी खास विचाराव्या लागतात. एक टीबी. एमडीआर-टीबीला, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला, दिलं जाणारं लिनेझोलिड डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन अति वाढण्याची धोक्याची स्थिती, आणू शकतं. साध्या टीबीतलं रिफाम्पिसिन हॅलोपेरिडॉल, क्वेटियापीन वगैरे भ्रमावरच्या औषधांची पातळी पाडतं आणि ‘गोळी लागू पडेना’ असं वाटतं. टीबीच्याच सायक्लोसेरीनने तर स्वतःच भ्रम होऊ शकतो. शिवडीच्या टीबी रुग्णालयाची आणि मनोविकाराची अशा दोन्ही फाइली दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवाव्यात. दुसरी गोष्ट परळची: टाटा कॅन्सर रुग्णालयातून स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर डिप्रेशनच्या गोळ्यांतली पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन नको, ती टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाचं रूप घेऊ देत नाहीत.

‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ असं म्हणून सर्पगंधा सुरू करणाऱ्यांसाठी एक आठवण. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये जगापुढे मांडला. तिच्यातलं रेझर्पीन पुढे मनोविकारावरही वापरलं गेलं आणि त्याने काहींचं मन खचतं, अशा नोंदी तेव्हाच आल्या. तेही औषधच आहे, डॉक्टरला सांगायलाच हवं.

बंद करताना

डिप्रेशनच्या गोळ्या सोडतानाच सर्वांत जास्त घोळ होतो. एसिटॅलोप्रॅमच्या जुन्या भावंडाचे, सिटॅलोप्रॅमचे, २० मिलिग्रॅम मेंदूत ही गोळी जिथे काम करते त्या जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापतात आणि ५ मिलिग्रॅमही जवळपास ६० टक्के. म्हणजे २० वरून ५ पर्यंत उतरणं सोपं, शेवटच्या ५ वरून शून्य ही खरी उडी. ‘१०, मग ५, मग बंद’ ही दोन आठवड्यांची पद्धत म्हणून फसते. शेवटचे टप्पे लहान आणि लांब हवेत: पाचची अर्धी, मग पाव, प्रत्येक पायरीला दोन ते चार आठवडे. एक दिवसाआड घेऊन कमी करणं चुकीचं, पातळी रोज वरखाली होते. ईआर, एसआर लिहिलेल्या, म्हणजे हळूहळू औषध सोडणाऱ्या, गोळ्या कुटायच्या नाहीत, आणि कोणती अर्धी करता येते ते केमिस्टला आधी विचारायचं.

दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखं, विचित्र स्वप्नं सुरू झाली आणि गोळी परत घेताच थांबली, तर ते गोळी सोडल्याचं. काही आठवड्यांनी हळूहळू उदासी, आनंद नाहीसा होणं, भूक जाणं, तर आजार परतल्याची शक्यता. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन सोडायला सर्वांत त्रासदायक, फ्लुओक्सेटीन सर्वांत सोपं.

कुठे जायचं

केईएम, सायन, नायर, कूपर आणि सरकारी जे. जे. इथे मनोविकार विभाग आहेत. कॉलेजच्या रुग्णालयांची जमेची बाजू म्हणजे नव्या पेशंटचा इतिहास निवासी डॉक्टर नीट लिहून घेतो, अनेक खाजगी दवाखान्यांत एवढा वेळ मिळत नाही. उणी बाजू अशी की जुन्या पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि दर खेपेला डॉक्टर नवा. म्हणून एका कागदावर तारीख, गोळी, डोस आणि काय झालं हे स्वतःच लिहून न्यावं. गोळ्या आतल्या फार्मसीत असतील तर मिळतात, नसतील तर बाहेरून. जनऔषधी केंद्रात नेहमीच्या बऱ्याच गोळ्या ब्रँडपेक्षा खूप स्वस्त पडतात. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटची कंपनी बदलली तर मात्र पातळी पुन्हा बघावी. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याचा साठा जास्तीचा ठेवावा, रेल्वे बंद पडली म्हणून गोळी चुकू नये.

घबराटीची अल्प्राझोलाम, झोपेची झोल्पिडेम औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. केमिस्टला नाव-प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय देणारा केमिस्ट सोयीचा वाटला तरी टाळावा. एडीएचडीवरच्या (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरच्या) मेथिलफेनिडेटला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात राहते. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बोलून उपचार हवे असतील तर ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही जुनी संस्था आहे.

विमा कंपनी ‘मानसिक आजार बसत नाही’ म्हणाली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) दाखवावं. ॲडमिट झाल्यावर शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणं बंधनकारक आहे, ओपीडीच्या गोळ्यांचा खर्च मात्र पॉलिसीवर अवलंबून. याच कायद्याने बरे असताना आपल्याला पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे लिहून ठेवता येतं. हॅलोपेरिडॉलने मान वळली होती, ओलान्झापीनवर वजन वाढलं पण डोकं शांत राहिलं, अशा नोंदी डोस आणि तारखेसकट त्यात घालाव्यात, आणि प्रत आपला प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या नातेवाइकाकडे द्यावी.