टीओडी मीटर चांगला, टायमरने घात केला

फेब्रुवारीच्या बिलात दिवसा वापरलेल्या विजेवरची सूट निम्म्यावर आलेली बघितली नि डोकंच सणकलं, म्हणून लिहायला बसलो. टीओडी म्हणजे कुठल्या वेळी किती वीज जळली ते वेगळं मोजणारा स्मार्ट मीटर, तो आमच्याकडे (गुहागर तालुका) गणपतीच्या आधी लागला. प्रीपेड नाही, बिल पूर्वीसारखंच महिन्याने येतं, त्यामुळे 'रिचार्ज संपला की काळोख' ही व्हॉट्सअ‍ॅपवरची भीती सोडून द्या. फास्ट पळतो म्हणतात, तेही नाही, गेल्या वर्षीची बिलं काढून युनिट लावून बघितले, उगाच बोंब आहे.

सूट सगळ्यांना माहीतच असेल, १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये जळलेल्या युनिटला सुरुवातीला ८० पैसे कमी, पुढे ती रुपयापर्यंत जाणार. पण आमच्यासारख्या घरात दिवसाकडे ढकलण्यासारखं असतं काय? आंघोळीला बंब, पंखे नि टीव्ही रात्रीचे. राहिला पंप. पाऊस गेला की मागच्या माडांना नि पोफळींना शिंपणं सुरू, १ एचपीचा पंप, रोज २ तास, तो मी पहाटे लावायचो. तासाला एक युनिट धरा, म्हणजे दिवसाला १ रुपया ६० पैसे, महिन्याला ४८ रुपये. बायको म्हणाली, "अहो, एका नारळाच्या पैशासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं मिळतंय तर सोडायचं कशाला.

दुपारी घरी कोणी नसतं म्हणून चिपळूणवरून टायमर आणला, गोल चकतीच्या कडेला १५-१५ मिनिटांच्या पिना असतात तो. ११ ते १ च्या पिना दाबून ठेवल्या, डिसेंबर मस्त गेला.

गोची अशी की ती चकती विजेवरच फिरते. लाईट गेली की थांबते, आली की थांबली तिथून पुढे, म्हणजे तासभर लाईट गेली तर टायमर कायमचा तासभर मागे. आणि आमच्या फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनीवर) लाईट जाते कधी, तर दिवसा! लाइनीवरच्या फांद्या तोडा, खांबावरची जोडतार (जंपर) बदला, मेन्टेनन्सचा शटडाऊन, सगळं १० ते ५ मध्ये. ज्या वेळेत वीज वापरा म्हणून सूट देतात नेमकी त्याच वेळेत वीज बंद, याला काय म्हणायचं? एकदा संध्याकाळी सात वाजता मागे पंपाचा आवाज आला, बॅटरी घेऊन जाऊन बघतो तर चकतीवर अजून दुपारचे सव्वाबारा. आणि पाणी माडाच्या आळ्यातून वाहून पाणंदीत.

महावितरणच्या ऑफिसात गेलो, म्हटलं शटडाऊनच्या दिवसाची सूट तरी द्या. खुर्चीतला माणूस म्हणतो, "वापरलंच नाय तर सूट कशावर देऊ? आणि वायरमनला रात्री खांबावर चढवू काय?" उत्तर बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

शेजारचे काका पोफळी गावात कोयनेच्या वीजघरात होते, त्यांच्याकडे रडगाणं गायलो तर ते म्हणाले, "अरे बाबा, दुपारी सोलरची वीज भरपूर असते, ऊन कललं की ती जाते नि तेव्हाच घराघरात दिवे लागतात, मग कोयनेची मशीनं लावायची, ती मिनिटांत लोड घेतात. पण पाणी पश्चिमेला वळवायचं कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने ठरवलंय वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट), ते दुपारी उधळून चालेल काय? तुझा पंप दुपारी चालला तर संध्याकाळचा तेवढा भार हलका." हे ऐकल्यावर ८० पैशांचा हिशोब जरा पटला, आधी मला ती नुसती जाहिरात वाटलेली. बाकी केंद्राच्या २०२३ च्या नियमांत संध्याकाळी सगळ्यात जास्त मागणी असते त्या वेळेला (पीक अवर) जास्त दर लावायची सोयही आहे, ते विसरू नका, आज सूट आहे म्हणून नाचायला नको.

तर मीटरला ५ पैकी ४, आमच्या फीडरला दीड, चकतीवाल्या टायमरला शून्य. ज्यांच्याकडे दिवसा लाईट जाते त्यांनी आत बॅटरी असलेला डिजिटलच घ्यावा, लाईट गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. मला हजार रुपये सांगितलेत, शिंपणं वर्षातले सातच महिने, म्हणजे वसूल व्हायला तीन वर्षं. कोणाकडे वापरलेला चालू स्थितीतला पडला असेल तर कळवा.