नॉर्मंडीचा बोर्डगेम: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत खेळून

युद्धाचा खेळ म्हणजे फासे टाकायचे आणि रणगाडे पुढे सरकवायचे, या समजुतीने कुणी हा घेणार असेल तर जरा थांबा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर केलेली ६ जून १९४४ ची नॉर्मंडीवरची चढाई यात आहे, पण निम्मा वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात डोकं घालण्यातच जातो. मला तेच आवडलं.

पटावर यूटा, ओमाहा, गोल्ड, जूनो, स्वोर्ड असे पाच किनारे. प्रत्येकाचा एच-अवर, म्हणजे उतरण्याची ठरलेली वेळ, वेगळा: अमेरिकनांचा सकाळी साडेसहा, ब्रिटिश-कॅनेडियनांचा साधारण तासाभराने, कारण भरती पश्चिमेकडून पूर्वेला सरकते. ओहोटीला उतरलात तर जर्मन सेनापती रोमेलने पेरलेले अडथळे उघडे दिसतात, पण सैनिकांना मोकळ्या वाळूवरून गोळ्या खात पळावं लागतं. भरतीची वाट पाहिली तर तेच अडथळे पाण्याखालून बोटी फोडतात. तरंगत्या रणगाड्यांचा नियम सुरुवातीला अतिरेकी वाटला होता. मग वाचलं: ओमाहासमोर एका बटालियनने २९ समुद्रात सोडले, त्यातले २७ बुडाले.

खरी मजा मात्र किनारा घेतल्यावर. चढाईचा दिवस म्हणजे डी, पुढचे दिवस डी अधिक एक, डी अधिक दोन असे मोजत जातात आणि गोळीबारापेक्षा रसद डोकं खाते. डी अधिक तेराला, म्हणजे १९ जूनला, वादळाचं कार्ड येतंच. ओमाहाचं मलबेरी, म्हणजे ओढत आणलेलं कृत्रिम बंदर, त्यात मोडतं, गोल्ड किनाऱ्यावरच्या आरोमांशचं तगतं. शेरबूर हे बंदराचं शहर जिंकूनही सुख नाही, जर्मनांनी बंदर उद्ध्वस्त करून ठेवलेलं असतं.

जर्मन बाजू घेणाऱ्याला कंटाळा येतो, हा मोठा दोष. राखीव पॅन्झर (रणगाड्यांच्या) तुकड्या वरून परवानगी मिळेपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, हलवता येत नाहीत. इतिहासाला धरून आहे, कबूल. पण धाकटा भाऊ तोवर मोबाइल बघत बसतो आणि ‘दादा, झालं का तुझं?’ विचारत राहतो.

दर्जा यथातथाच. पावसाळी दमटपणात पट फुगला, मधल्या घडीवर काउंटर, म्हणजे तुकड्यांच्या सोंगट्या, घसरतात. आता वर काच ठेवतो. नियमपुस्तिका तर सरकारी परिपत्रकासारखी, एका शंकेसाठी चार पानं उलटा. दोन काउंटर मुळातच कमी आले होते, विक्रेत्याला मेल केला, उत्तर नाही. पुठ्ठ्याचे कापून वापरतोय.

नवख्यांनी पूर्ण मोहीम लगेच मांडू नये. आधी फक्त ओमाहाची छोटी लढत खेळा, ती एका संध्याकाळी उरकते.