थेरपीचा नंबर लागेपर्यंत: अर्ध्या तासाचं सत्र, काही आठवड्यांचा कार्यक्रम की चॅट?

थेरपिस्टकडे नाव नोंदवलं आणि तारीख मिळाली ती थेट दोन-तीन महिन्यांनंतरची. मदत मागण्याचं धाडस तर केलं, पण तोवरच्या रात्री कशा काढायच्या? या मधल्या काळासाठी ऑनलाइन मिळणारी मदत ढोबळमानाने तीन तऱ्हांची असते. ती जाहिरात बघून निवडू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी एक महत्त्वाचं. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करणं सुरू असेल किंवा खाणं-झोपणं जवळपास थांबलं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवा. अशा वेळी हेल्पलाइन, आपत्कालीन विभाग आणि सोबत बसून राहणारं कुणी मोठं माणूस लागतं. दवाखान्यालाही फोन करून ‘त्रास वाढलाय, तारीख अलीकडची द्या’ असं स्पष्ट सांगा.

बाकीच्यांनी सुरुवात एकाच बैठकीत संपणाऱ्या सत्रापासून करावी, असं माझं मत आहे. वीस-तीस मिनिटं, समोर कुणी नाही, फक्त वाचायचं आणि लिहायचं. समजा, सोळा वर्षांच्या एका मुलीने महिनाभर चित्रकलेच्या वहीला हात लावलेला नाही. पूर्वी कशाने बरं वाटायचं, या प्रश्नावर ती ‘चित्रं’ लिहिते. त्यातलं सगळ्यात छोटं पाऊल कोणतं? ‘वही टेबलावर उघडून ठेवणं.’ कधी? ‘आंघोळ झाल्यावर.’ आड काय येईल? ‘मोबाइल घेऊन लोळत पडेन.’ मग त्याचं काय करशील? ‘मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावेन.’ बस्स, एवढंच. मूड सुधारण्याची वाट न बघता आधी कृती करायची, हे यामागचं तंत्र. नैराश्यात माणूस आवडीच्या गोष्टी सोडत जातो आणि त्या सुटल्या की आणखी खचतो; ते चक्र इथे एका जागी अडवायचं असतं.

हे नुसतं ऐकायला छान नाही. मानसशास्त्रज्ञ जेसिका श्लायडर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 13 ते 16 वयाच्या 2,452 मुलामुलींवर केलेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. एकच ऑनलाइन सत्र करूनही तीन महिन्यांनी नैराश्याची लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा कमी दिसली. फरक लहान होता, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. असं सत्र थेरपीची जागा घेत नाही. पण ते पूर्ण होतं, आणि खचलेल्या माणसासाठी ‘एक गोष्ट पूर्ण केली’ हे फार मोलाचं असतं.

काही आठवडे चालणाऱ्या कार्यक्रमांत जास्त शिकायला मिळतं. न्यूझीलंडमधला स्पार्क्स हा सात टप्प्यांचा व्हिडिओ गेम त्यातलाच. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 12 ते 19 वयाची 187 मुलं होती आणि गेमचा परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी ठरला नाही. अडचण टिकून राहण्याची. त्या चाचणीतही सातही टप्पे पूर्ण करणारी मुलं साधारण 60 टक्केच होती, आणि घरी एकट्याने करताना गळती आणखी वाढते. म्हणून आठवड्याला एकदा फोन किंवा मेसेज करणारा मार्गदर्शक असेल, तरच यात पडा. नाहीतर तिसऱ्या टप्प्यावर सुटतं आणि ‘हेही जमलं नाही’ हा सल उरतो. आईबाबांनो, अशा वेळी ‘आज केलंस का?’ असं रोज विचारू नका. शेजारी बसून एक टप्पा सोबत करा.

चॅटचं गणित वेगळं आहे. प्रशिक्षित माणसाशी लिहून बोलता येत असेल, तर एकटेपणा जास्त छळतो त्यांना मी हेच सुचवेन. तोंडाने न निघणारं बोटांनी लिहिता येतं, आणि धोक्याचं काही दिसलं तर समोरचा माणूस नेमकं विचारू शकतो. मात्र दर वेळी वेगळी व्यक्ती भेटली तर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. ती एकदा लिहून ठेवा.

चॅटबॉटवर मी एवढा भरवसा ठेवणार नाही. वोबॉट या चॅटबॉट ॲपची 2017 ची चाचणी आशादायक होती, पण ती 18 ते 28 वयाच्या 70 जणांवर, दोनच आठवडे झाली होती; आणि ते ॲप 2025 मध्ये बंदही झालं. विचारांची नोंद ठेवायला बॉट ठीक, संकटात नाही. कुठेही नाव घालण्याआधी लिहिलेलं कोण वाचतं आणि ते पुसता येतं का, हे बघाच.

काहीही निवडलंत तरी त्यात लिहिलेल्या उत्तरांचं पान जपून ठेवा आणि पहिल्या भेटीत थेरपिस्टसमोर ठेवा. आणि मधल्या काळात दवाखान्यातून ‘अजून अपॉइंटमेंट हवी आहे का?’ असा मेसेज आला, तर त्या आठवड्यात थोडं बरं वाटत असलं तरी ‘हो’ असंच कळवा.