डिव्हाइस ट्री की एसीपीआय: बोर्डावरच्या सेन्सरची ओळख कुठे नोंदवायची?

समजा, नव्या बोर्डावर टीएमपी१०२ हा तापमान सेन्सर आयटूसी बसवर (चिपा जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) बसवला आहे. त्याची पत्त्याची पिन ग्राउंडला जोडली, म्हणजे पत्ता हेक्स ४८. यूएसबी किंवा पीसीआयवरचं उपकरण विचारल्यावर आपली ओळख सांगतं. आयटूसीवर तशी सोय नाही, त्यामुळे इथे काय बसवलंय हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, कोणीतरी लिहून द्यावं लागतं. ते लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत: डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणारी वेगळी फाइल, आणि एसीपीआय, म्हणजे फर्मवेअरमधले वर्णनाचे तक्ते.

डिव्हाइस ट्रीमध्ये हे काम ‘कम्पॅटिबल’ हा गुणधर्म करतो. त्यात ‘टीआय,टीएमपी१०२’ असं लिहितात: आधी उत्पादकाचा उपसर्ग, मग स्वल्पविराम, मग चिपचा क्रमांक. उपसर्ग कर्नलच्या यादीत नसेल तर छोटा पॅच (कोडमधला बदल) पाठवून तो घालता येतो. एसीपीआयमध्ये हार्डवेअर आयडी असतो: चार अक्षरं उत्पादकाची, पुढे चार हेक्स अंक. ती चार अक्षरं एसीपीआयचं मानक सांभाळणाऱ्या यूईएफआय फोरमकडे नोंदवावी लागतात. मनानेच ठरवली आणि ती दुसऱ्या कोणाची निघाली, तर भलताच ड्रायव्हर तुमच्या चिपवर लागू होतो.

दस्तऐवजाच्या बाबतीत डिव्हाइस ट्री स्पष्टपणे सरस आहे. प्रत्येक नावासाठी यामल या मजकूर-स्वरूपातलं बाइंडिंग, म्हणजे त्या नोंदीत काय असावं हे सांगणारा दस्तऐवज, लागतं, आणि ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ चालवलं की त्यातल्या चुका यंत्रच दाखवतं. बाइंडिंगचा पॅच वेगळा ठेवा आणि मालिकेत ड्रायव्हरच्या आधी लावा. त्यात हार्डवेअरचं वर्णन असावं. लिनक्सच्या ड्रायव्हरला काय सोयीचं आहे ते नको. नावात ‘१०एक्स’सारखं मोघम अक्षर घालू नका. उद्या त्याच साच्यातल्या क्रमांकाची, पण वेगळी रजिस्टरं असलेली चिप आली की ते नाव खोटं ठरतं, आणि जुन्या बोर्डांवर ते छापून गेलेलं असल्यामुळे बदलताही येत नाही. नेमक्या चिपचं नाव आधी आणि तिच्याशी खरोखर जुळणाऱ्या जुन्या चिपचं नंतर, हा क्रम पाळा.

पत्त्यात दोन चुका नेहमी होतात. डिव्हाइस ट्रीत नोडच्या (एका उपकरणाच्या नोंदीच्या) नावातलं ‘@४८’ हेक्स असतं, पण पत्ता सांगणाऱ्या ‘रेग’ गुणधर्मामध्ये शून्य-एक्स न लावता ४८ लिहिलं तर ते दशमान धरलं जातं आणि पत्ता हेक्स ३० होतो. दुसरी चूक म्हणजे पत्त्याच्या शेवटी वाचन-लेखनाचा बिट धरून हेक्स ९० लिहिणं.

एसीपीआयची खरी ताकद वीजव्यवस्थेत आहे. पुरवठा चालू-बंद करण्याच्या पद्धती फर्मवेअरमध्येच असतात, त्यामुळे ड्रायव्हरला रेग्युलेटर (चिपला वीज पुरवणारा भाग) माहीत नसला तरी चालतं. डिव्हाइस ट्रीत तो पुरवठाही नोंदवावा लागतो.

बोर्डावर विंडोज चालवायचं असेल, किंवा ग्राहक कोणतंही तयार वितरण टाकणार असेल आणि मशीन एक्स८६ असेल, तर एसीपीआयच घ्या. आर्म बोर्ड असेल आणि कर्नल तुमच्याच हातात असेल, तर डिव्हाइस ट्री. ‘पीआरपी०००१’ या आयडीने एसीपीआयमध्येही ‘कम्पॅटिबल’ नाव वापरता येतं, पण ही लिनक्सची सोय आहे. विंडोजला ती कळत नाही. नमुना बोर्डापुरती ठीक. विक्रीच्या मालासाठी स्वतःचा आयडी घ्या.

दोन्हीकडे नाव जुळलं नाही तर बहुधा त्रुटीचा संदेश येतच नाही. ड्रायव्हरचं प्रोब (उपकरण ताब्यात घेणारं फंक्शन) फक्त चालत नाही. अशा वेळी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) त्या उपकरणाचं ‘मोडअलायस’, म्हणजे ओळखीची ओळ, वाचा आणि ड्रायव्हरच्या तक्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. डिव्हाइस ट्री असेल तर त्याआधी ‘स्टेटस’ तपासा: ‘डिसेबल्ड’ राहिलेल्या नोडचं उपकरण तयारच होत नाही.